पांढऱ्या पेशींची कुमक

‘प्रतिकारशक्ती वाढवणारे औषध’ या शब्दांना आपल्याकडे मोठी बाजारपेठ आहे. च्यवनप्राशाच्या बरणीपासून प्रोटीन पावडरीच्या डब्यापर्यंत आणि गुळवेलीच्या काढ्यापासून ताकदीच्या सलाईनपर्यंत सगळ्यांना हे शब्द चिकटवलेले असतात. कोविडच्या साथीनंतर तर ही गर्दी आणखी वाढली. या गर्दीत एक गोष्ट मात्र हरवून जाते. प्रतिकारशक्तीला खरोखर चेतवणारी, पद्धतशीर चाचण्यांतून पार पडलेली काही औषधे वैद्यकशास्त्राकडे आहेत. ती प्रथिनांची म्हणजे प्रोटीनची बनलेली असतात, इंजेक्शननेच द्यावी लागतात, स्वस्त नसतात, आणि धडधाकट माणसासाठी ती मुळीच नसतात.

आज या औषधांची ओळख करून घेऊ. त्यामागे व्यवहारी कारण आहे. आपल्या नात्यात किंवा गल्लीत केमोथेरपी घेणारे कोणी ना कोणी असते. उपचार मुंबई, पुणे, नागपूर किंवा संभाजीनगरला होतात, पण रुग्ण दोन दिवसांनी गावी परततो. येताना पिशवीत बर्फाच्या पाकिटात ठेवलेले एक इंजेक्शन असते आणि ‘गावाकडे कोणाकडून तरी घ्या’ असे सांगितलेले असते. ते इंजेक्शन कशासाठी, कसे सांभाळायचे आणि ते घेऊनही ताप आला तर काय करायचे, हे घरच्या मंडळींना ठाऊक नसेल तर जीव धोक्यात येतो.

शरीराचा बंदोबस्त

रक्ताचा रिपोर्ट आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात पांढऱ्या पेशींची संख्या असते. मोठ्या माणसात ती साधारणपणे एका घन मिलिमीटर रक्तात ४,००० ते ११,००० असते. या सगळ्या पेशी एकाच जातीच्या नसतात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक असतात न्यूट्रोफिल. जंतू शिरला की सर्वांत आधी धावून जाणारे शिपाई हेच. ते जंतूला गिळतात, मारतात आणि बहुधा स्वतःही मरतात. गळवातून निघणारा पू म्हणजे बऱ्याच अंशी या मेलेल्या शिपायांचा ढीग. दुसरी मोठी जात लिम्फोसाइटची. या पेशी सावकाश पण नेमके काम करतात. विषाणूने पछाडलेली पेशी ओळखणे, शत्रूची खूण लक्षात ठेवणे, प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडी तयार करणे ही कामे त्यांच्याकडे असतात.

न्यूट्रोफिलचे आयुष्य फार थोडे असते. त्यामुळे हाडांच्या पोकळीतला मगज, ज्याला आपण अस्थिमज्जा म्हणतो, रोज सुमारे दहा हजार कोटी नवे न्यूट्रोफिल तयार करत असतो. हा कारखाना दिवसरात्र चालतो. तो आठवडाभर जरी बंद पडला तरी माणूस साध्या जंतूंपुढे उघडा पडतो.

आता प्रश्न असा की, पायाला काटा लागून जंतू शिरला हे हाडातल्या मगजाला कळते कसे? शरीरात टेलिफोन नाही. मात्र सांगावा धाडण्याची सोय आहे. जखमेजवळच्या पेशी काही विशिष्ट प्रथिने रक्तात सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. प्रत्येक सांगाव्याचा पत्ता ठरलेला असतो. ज्या पेशीच्या अंगावर त्या सांगाव्याला बसेल असे कुलूप असते, तिथेच ही किल्ली लागते. किल्ली लागली की पेशी कामाला लागते. कोणी वाढते, कोणी विभागते, कोणी हत्यार उचलते.

आपण ज्या औषधांबद्दल बोलत आहोत ती म्हणजे हेच सांगावे. फरक एवढाच की ते शरीराने न धाडता आपण बाहेरून इंजेक्शनने धाडतो.

हे सांगावे सापडले कसे?

१९५७ साली लंडनच्या एका संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यावर प्रयोग केले. उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा विषाणू त्यांनी त्या पडद्याच्या तुकड्यांबरोबर ठेवला. नंतर त्याभोवतीचे पाणी काढून ताज्या पडद्यावर घातले आणि त्यावर जिवंत विषाणू सोडला. विषाणू वाढेना. म्हणजे पहिल्या पेशींनी पाण्यात असे काही सोडले होते की ज्यामुळे शेजारच्या पेशी आधीच सावध झाल्या. विषाणूच्या कामात अडथळा आणणारा पदार्थ म्हणून त्याचे नाव ठेवले इंटरफेरॉन.

साधारण त्याच काळाच्या पुढे, १९६०च्या दशकात, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डोनाल्ड मेटकाफ आणि त्यांचे सहकारी अस्थिमज्जेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवत होते. विशिष्ट पदार्थ घातला तरच त्या पेशी वाढून त्यांचे छोटे पुंजके तयार होतात असे दिसले. त्या पदार्थांना पुंजके वाढवणारे घटक असे नाव मिळाले. त्यांतला न्यूट्रोफिलची वाढ करणारा घटक म्हणजे जी-सीएसएफ. आज केमोथेरपीच्या रुग्णांना दिले जाणारे फिल्ग्रास्टिम नावाचे इंजेक्शन ते हेच.

१९७६ साली लिम्फोसाइटना वाढवणारा आणखी एक सांगावा सापडला. त्याला पुढे इंटरल्युकिन-२ असे नाव पडले.

सापडले खरे, पण अडचण मोठी होती. हे पदार्थ शरीरात इतक्या अत्यल्प प्रमाणात असतात की रक्तदानाच्या हजारो पिशव्या गाळल्या तरी हाती चिमूटभर पडत नसे. वाट काढली ती जीवतंत्रज्ञानाने. माणसाच्या पेशीतला इंटरफेरॉन बनवण्याचा मजकूर, म्हणजे त्याचा जनुक, उचलून एका साध्या जंतूत बसवण्यात १९८०च्या सुमारास यश आले. हा जंतू म्हणजे आपल्या आतड्यात राहणारा ई-कोलाय. मोठ्या टाकीत या जंतूंना साखर-पाणी देऊन वाढवायचे, ते मुकाट्याने माणसाचे प्रथिन बनवतात, मग ते गाळून शुद्ध करून घ्यायचे. ज्या पद्धतीने १९८२ साली मधुमेहासाठी मानवी इन्सुलिन बाजारात आले, तीच ही पद्धत. जी-सीएसएफचा जनुक १९८६ साली हाती लागला आणि अवघ्या पाच वर्षांत, १९९१ साली, अमेरिकेत ते औषध म्हणून मान्य झाले. आता भारतीय कंपन्याही ते बनवतात, त्यामुळे किंमत पूर्वीपेक्षा बरीच खाली आली आहे.

गोळी का नाही? प्रोटीन पावडर का चालत नाही?

हा प्रश्न बरेच जण विचारतात आणि तो रास्त आहे. औषध प्रथिनच आहे तर तोंडाने का घेऊ नये?

आपण डाळ, अंडे किंवा मासळी खातो तेव्हा पोटातली आम्ले आणि पाचकरस त्यातल्या प्रथिनांचे तुकडे तुकडे करतात. माळ तोडून मणी सुटे करावेत तसे. सुटे मणी रक्तात जातात आणि शरीर त्यांतून आपल्याला हव्या त्या माळा ओवते. सांगाव्याचे प्रथिन गिळले तर त्याचीही हीच गत होईल. किल्ली वितळवून लोखंडाचा गोळा केला तर कुलूप उघडणार कसे? म्हणून ही औषधे त्वचेखाली किंवा शिरेतून द्यावी लागतात.

यावरूनच दुसरी गोष्ट उलगडते. प्रोटीन पावडर हे अन्न आहे, औषध नव्हे. ज्याच्या आहारात प्रथिने कमी पडतात त्याला तिचा उपयोग होतो. पण तेच काम शेंगदाणे, हरभरे, दूध आणि अंडीही करतात आणि स्वस्तात करतात. केमोथेरपीच्या रुग्णाने पोटभर आणि प्रथिनयुक्त खावेच. मात्र पावडर खाल्ल्याने पडलेल्या पांढऱ्या पेशी चार दिवसांत उठून उभ्या राहतील ही आशा धरू नये.

केमोथेरपीनंतरचे इंजेक्शन

केमोथेरपीची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना मारतात. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात. पण केसांच्या मुळाशी असलेल्या, तोंडाच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या पेशीही तशाच असतात. तण मारण्याची फवारणी करताना थोडे पीकही करपते, तसा हा प्रकार आहे. म्हणून केस गळतात, तोंड येते आणि पांढऱ्या पेशी घसरतात.

बहुतेक औषधांच्या बाबतीत ही घसरण डोस दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान सर्वांत खाली जाते. नेमका हाच काळ रुग्ण गावी असतो. न्यूट्रोफिलची संख्या १,५०० च्या खाली गेली की ती कमी समजतात आणि ५०० च्या खाली गेली की धोका गंभीर होतो. रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी आणि न्यूट्रोफिलची टक्केवारी वेगवेगळी दिलेली असते. एकूण पेशी २,००० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील तर खरे शिपाई फक्त ४०० आहेत, हे गणित घरातल्या एखाद्या शाळकरी मुलालाही करता येईल. ते करून पाहावे.

जी-सीएसएफचे इंजेक्शन अस्थिमज्जेला ‘न्यूट्रोफिल लवकर आणि जास्त तयार करा’ असा हुकूम देते. त्यामुळे घसरणीचे दिवस कमी होतात आणि जंतुसंसर्गाचा धोका घटतो. प्रत्येक रुग्णाला ते लागतेच असे नाही. कोणती केमोथेरपी आहे, वय किती, आधीच्या फेरीत ताप आला होता का, हे पाहून कर्करोगतज्ज्ञ ठरवतात.

ते दोन प्रकारांत मिळते. साधे फिल्ग्रास्टिम शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून रोज एक याप्रमाणे काही दिवस घ्यावे लागते. दुसरे पेगफिल्ग्रास्टिम. यात प्रथिनाला एका रसायनाची लांब शेपटी जोडलेली असते. त्यामुळे ते शरीरात बरेच दिवस टिकते आणि केमोथेरपीच्या एका फेरीला एकच इंजेक्शन पुरते. हा प्रकार २००२ साली मान्य झाला.

घरच्या मंडळींनी सांभाळण्याच्या गोष्टी अशा :

पहिली गोष्ट वेळेची. हे इंजेक्शन केमोथेरपी संपल्यापासून निदान २४ तास जाऊ देऊनच घ्यायचे असते. कारण इंजेक्शनने अस्थिमज्जेतल्या पेशी भराभर विभागू लागतात आणि त्याच वेळी केमोथेरपीचे औषध अंगात असेल तर या कोवळ्या पेशीच बळी पडतात. नुकती उगवलेली रोपे आणि वर फवारणी, असे होते. ‘मुंबईहून निघतानाच टोचून घेऊ, खेप वाचेल’ असा विचार करू नये.

दुसरी गोष्ट साठवणीची. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे. म्हणजे फ्रिजच्या मधल्या फळीवर. बर्फाच्या खान्यात कधीही नाही. माझ्याकडे एक सासरेबुवा सुनेचे इंजेक्शन घेऊन आले होते. महागाचे औषध खराब होऊ नये म्हणून त्यांनी ते मोठ्या काळजीने रात्रभर बर्फाच्या खान्यात ठेवले होते. काळजी खरी होती, पण औषधाचा दगड झाला होता. प्रथिनाची घडी मोडली की ते पुन्हा पूर्ववत होत नाही. उकडलेले अंडे परत कच्चे होत नाही, तसेच. त्यांना दुसरे इंजेक्शन मागवावे लागले. याच कारणासाठी इंजेक्शन जोराने हलवूही नये. प्रवासात ते थर्मासमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात न्यावे, पण बर्फाला थेट टेकू न देता कापडात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून. वीज गेली तर फ्रिज उगाच उघडझाप करू नये. किती तास बाहेर राहिले तर चालते हे खोक्यातल्या पत्रकात छापलेले असते. शंका आली तर ज्या रुग्णालयाने दिले तिथे फोन करून विचारावे.

तिसरी गोष्ट डोसांची. रोजचे इंजेक्शन चालू असताना पहिल्या एक-दोन दिवसांतच पांढऱ्या पेशी एकदम वाढलेल्या दिसतात. हा साठा आधीच तयार असलेल्या पेशींचा असतो. तो बाहेर आला म्हणून घसरण टळली असे नव्हे. ‘रिपोर्ट चांगला आला, बाकीची इंजेक्शने परत देऊन पैसे घेऊ’ असे करू नये. किती घ्यायची हे तज्ज्ञांनाच ठरवू द्यावे.

चौथी गोष्ट दुखण्याची. या इंजेक्शनने कंबर, मांड्या, छातीचे हाड ठणकते. कारखाना जोरात चालू झाल्याची ती खूण आहे. घाबरू नये. मात्र पॅरासिटॅमॉलची गोळी घेण्यापूर्वी दर वेळी थर्मामीटर लावून ताप बघावा. गोळीने दुखणे थांबते तसा तापही लपतो, आणि या दिवसांत लपलेला ताप फार महाग पडतो. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात अचानक जोराने दुखू लागले, किंवा दम लागला, तर मात्र थांबू नये. क्वचित पांथरी म्हणजे प्लीहा सुजते आणि फाटूही शकते.

इंजेक्शन घेतले तरी ताप आला तर?

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

हे इंजेक्शन धोका कमी करते, नाहीसा करत नाही. केमोथेरपीच्या रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तो घरी काढायचा ताप नव्हे. निरोगी माणसाला जंतुसंसर्ग झाला की लाली येते, सूज येते, पू होतो, खोकल्यातून बेडका पडतो. ही सगळी लक्षणे न्यूट्रोफिलच निर्माण करतात. न्यूट्रोफिलच नसतील तर काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त ताप. आत मात्र जंतू रक्तात पसरत असतात आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो.

तालुक्याच्या गावी बहुधा काय घडते? संध्याकाळी कणकण येते. घरचे म्हणतात, प्रवासाचा शीण असेल. एक गोळी दिली जाते, ताप उतरतो. रात्री पुन्हा थंडी वाजते. पुन्हा गोळी. सकाळी जवळच्या दवाखान्यात नेऊन एक सुई टोचली जाते. दुपारी रुग्ण गळून जातो आणि मग गाडी शोधण्याची धावपळ सुरू होते. या सगळ्यात सोन्यासारखे अठरा-वीस तास निघून गेलेले असतात. रुग्णालयात पोहोचल्यावर शिरेतून प्रतिजैविके तासाभराच्या आत सुरू व्हावीत असा वैद्यकीय दंडक आहे. मिनिटांचा हिशेब जिथे ठेवला जातो, तिथे आपण रात्र वाया घालवतो.

तेव्हा केमोथेरपीच्या रुग्णाच्या घरी थर्मामीटर हवाच. ताप १००.४ ला पोहोचला की तडक दाखल होण्याची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. गेल्या गेल्या ‘केमोथेरपी चालू आहे, आज अमुकावा दिवस आहे’ हे पहिले वाक्य सांगावे. रांगेत बसून राहू नये. उपचारांची फाइल आणि शेवटचा रिपोर्ट बरोबर असावा. रात्री लागणारी गाडी कोणाची, हे केमोथेरपीच्या पहिल्या दिवशीच ठरवून ठेवावे. ताप नसतानाही हुडहुडी भरली, रुग्ण गोंधळल्यासारखा बोलू लागला, लघवी कमी झाली किंवा फार थकवा आला तरी हेच करावे.

कावीळवाल्यांची जुनी ओळख : इंटरफेरॉन

इंटरफेरॉनला १९८६ साली एका दुर्मीळ रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. पण त्याचे नाव घरोघरी पोहोचले ते हिपॅटायटिस ‘सी’ आणि ‘बी’ या काविळींमुळे. हिपॅटायटिस ‘सी’साठी ते १९९१ पासून वापरात आले. शेपटी जोडलेले, आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन २००१ च्या सुमारास आले. त्याबरोबर रिबाव्हिरिनच्या गोळ्या, आणि हे सगळे २४ ते ४८ आठवडे.

ज्यांनी हा उपचार घेतला त्यांना तो आठवत असेल. इंजेक्शनच्या रात्री फ्लूसारखा ताप, अंगदुखी, थंडी. यात नवल नाही. फ्लूमध्ये आपले अंग मोडून येते ते बऱ्याच अंशी शरीराने सोडलेल्या इंटरफेरॉनसारख्या सांगाव्यांमुळेच. पुढे केस विरळ होणे, थायरॉईड बिघडणे, मन खिन्न होणे हे त्रासही होत. इतके सोसूनही या आजाराच्या काही जातींमध्ये निम्मेच रुग्ण बरे होत.

आता चित्र पालटले आहे. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर ही गोळी आली आणि पाठोपाठ तिच्या जोडीच्या गोळ्या आल्या. आज बहुतेकांना फक्त गोळ्यांचा १२ आठवड्यांचा कोर्स पुरतो, काहींना २४ आठवडे लागतात, आणि शंभरातले ९५ च्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. ‘त्या काविळीचे इंजेक्शन फार त्रासाचे आणि महागाचे’ असे कोणाकडून तरी ऐकून जे घरी बसले आहेत, त्यांनी आता बसू नये. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

जास्त जोर म्हणजे जास्त भले नव्हे

प्रतिकारशक्ती म्हणजे चुलीतला विस्तव. विझला तर स्वयंपाक होत नाही आणि भडकला तर छप्पर पेटते. इंटरल्युकिन-२ हे याचे ठळक उदाहरण. पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी ते अमेरिकेत १९९२ साली मान्य झाले. मोठ्या डोसात दिल्यावर शंभरातल्या सहा-सात रुग्णांची गाठ पूर्ण नाहीशी होई, आणि त्यांतले बरेच वर्षानुवर्षे चांगले राहत. पण त्या डोसाने रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपे, रक्तदाब घसरे, फुप्फुसांत पाणी साचे. त्यामुळे अतिदक्षता विभागाची सोय असलेल्या ठिकाणीच ते देता येई.

कोविडच्या काळातही हा धडा मिळाला. विषाणूविरोधी सांगावा म्हणून इंटरफेरॉनकडे आशेने पाहिले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीत इंटरफेरॉन-बीटाने मृत्यू कमी झाल्याचे आढळले नाही. एप्रिल २०२१ मध्ये भारतात शेपटी जोडलेल्या इंटरफेरॉन-अल्फाला मध्यम आजाराच्या रुग्णांसाठी तातडीची परवानगी दिली गेली. पण साथीत ज्या औषधाने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे प्राण सर्वांत खात्रीने वाचवले ते होते डेक्सामेथासोन. आणि ते स्टेरॉइड प्रतिकारशक्ती वाढवत नाही, भडकलेली प्रतिकारशक्ती शांत करते.

संधिवाताचा आमवाती प्रकार, सोरायसिस, ल्यूपस, काही थायरॉईडचे आजार यांत शरीराची फौज स्वतःच्याच घरावर उलटलेली असते. अशा रुग्णाने ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून काहीही घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आता आणखी एक वाट खुली झाली आहे. कर्करोगाच्या पेशी आपल्या लिम्फोसाइटचा ब्रेक दाबून ठेवतात. तो ब्रेक सोडवणारी प्रतिपिंडे, तीही प्रथिनेच, २०११ पासून वापरात येऊ लागली. त्यामागच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. यांतली बरीच औषधे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत. पण मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके आणि मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात, ज्यात तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोगही येतो, निव्होलुमॅब हे औषध नेहमीच्या डोसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी प्रमाणात, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिले. २०२२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६ टक्के होते, तर या औषधाची जोड दिल्यावर ४३ टक्के झाले. पूर्ण बरे होणे नव्हे, पण ज्या आजारात दिवस मोजले जातात तिथे हा फरक लहान नाही. अर्थात तंबाखूची पुडी आजच फेकून देणे हे या सगळ्यांहून स्वस्त औषध आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*डेंग्यूत पांढऱ्या पेशी २,५०० वर आल्या. हे इंजेक्शन घ्यावे का?*
नाही. विषाणूच्या तापात पांढऱ्या पेशी तात्पुरत्या घसरतात आणि बहुधा आपोआप सावरतात. डेंग्यूत लक्ष ठेवायचे ते प्लेटलेट, रक्ताचा घट्टपणा, रक्तदाब आणि पोटदुखी-उलट्या यांवर. जी-सीएसएफ प्लेटलेट वाढवत नाही.

*इंजेक्शननंतर पांढऱ्या पेशी ३०,००० झाल्या. रक्ताचा कर्करोग तर झाला नाही ना?*
इंजेक्शन चालू असताना असा आकडा दिसू शकतो. औषध थांबल्यावर तो थोड्या दिवसांत खाली येतो. रिपोर्ट आपल्या तज्ज्ञांना दाखवा. रिपोर्टवर लॅबवाल्याने लिहिलेली शंका वाचून रात्र जागून काढू नका.

*भावाला मूळपेशी द्यायच्या आहेत. मला हे इंजेक्शन देणार म्हणतात. मी तर निरोगी आहे.*
धडधाकट माणसाला हे औषध देण्याचा हा एक अपवाद. चार-पाच दिवस इंजेक्शन दिल्याने अस्थिमज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरतात आणि त्या हाताच्या शिरेतून गोळा करता येतात. हाडे ठणकतात, पण ते थोड्या दिवसांचे असते. दात्याची आधी तपासणी होते. भीती असेल तर तेव्हाच मोकळेपणाने विचारावे.

*खर्चाचे काय?*
रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या उपचारांतले काय बसते ते विचारावे. एकाच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतींत बराच फरक असतो. परवडणारे कोणते ते डॉक्टरांनाच विचारा, त्यात संकोच कसला? मात्र बिल न देणाऱ्या किंवा औषध फ्रिजबाहेर मांडून ठेवणाऱ्या दुकानातून स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

आणि निरोगी माणसाने काय करावे?

त्याचे उत्तर जुनेच आहे. लहान मुलांच्या लसी वेळेवर, पुरेसे खाणे, सात तासांची झोप, तंबाखू-दारूला रजा, मधुमेह असेल तर साखर ताब्यात, आणि हात धुण्याची सवय. निरोगी शरीर आपले सांगावे आपणच, योग्य वेळी, योग्य मापात धाडत असते. त्याला बाहेरच्या हुकमाची गरज नसते. ज्यांचा कारखाना आजाराने किंवा उपचारांनी बंद पडला आहे त्यांच्यासाठी ही कुमक आहे.

या लेखातले काही कापून ठेवायचे असेल तर चार ओळी ठेवा आणि फ्रिजच्या दारावर लावा : केमोथेरपीनंतर २४ तासांच्या आत इंजेक्शन नाही. औषध मधल्या फळीवर, बर्फात नाही. गोळी घेण्याआधी थर्मामीटर. आणि १००.४ ताप म्हणजे सकाळची वाट न पाहता रुग्णालय.